ब्लेडचा वस्तरा घेताना आधी ब्लेड ठरवा

वस्तऱ्याने दाढी करायची हौस आहे, पण दगडावर धार काढत बसायचं नाही आणि चामड्याच्या पट्ट्यावर रोज पातं फिरवायचं नाही, अशा माणसासाठी ब्लेड बदलता येणारा वस्तरा आहे. धार गेली की ब्लेड काढायचं, नवं घालायचं. केशकर्तनाच्या व्यवसायात त्याने जुन्या वस्तऱ्याला मागे सारलं ते स्वच्छतेमुळे. हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेरही किमान ७ दिवस संसर्ग करण्याइतका टिकून राहू शकतो. एकाच्या गालावरून गेलेलं पातं दुसऱ्याच्या गालाला लावणं त्यामुळे धोक्याचं, आणि प्रत्येकाला नवं ब्लेड हा त्यावरचा सरळ उपाय.

घरी एकट्याने वापरताना हा प्रश्न नसतो. तिथे अडतं ते निवडीपाशी. घ्यायला बसलं की समोर शेकडो वस्तरे येतात. कुणाची मूठ लाकडाची, कुणाची शिंगासारखी, कुणाचं अख्खं अंग चकचकीत स्टीलचं. मीही पहिला वस्तरा मुठीवर भाळूनच घेतला होता. आज कुणी सल्ला मागितला तर मी आधी एवढंच विचारतो: त्यात ब्लेड कोणतं बसतं?

जुन्या वस्तऱ्यात पोलाद, जाडी, वजन आणि धार हे सगळं एकाच तुकड्यात असतं. ब्लेडच्या वस्तऱ्यात धार कारखान्यातून तयार होऊन येते. वस्तऱ्याकडे उरतात तीन कामं. ब्लेड घट्ट धरायचं, धार किती बाहेर डोकावू द्यायची ते ठरवायचं, आणि हाताला बेताचं वजन द्यायचं. यातलं पहिलं काम किती नीट होईल हे बरंचसं ब्लेडच्या जाडीवर ठरतं. म्हणून मी तुलना कंपन्यांची न करता ब्लेडांची करतो आहे. ती तीन प्रकारची आहेत: साधं दाढीचं ब्लेड मोडून केलेलं अर्धं ब्लेड, जपानी पद्धतीचं जाड एकधारी ब्लेड, आणि केस कापायच्या वस्तऱ्याचं लांब ब्लेड.

अर्धं ब्लेड

दोन्ही बाजूंना धार असलेलं नेहमीचं ब्लेड मधोमध मोडलं की त्याचा एक अर्धा भाग या वस्तऱ्यात बसतो. किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ साली ज्या सेफ्टी रेझरचं अमेरिकी पेटंट मिळालं, त्याच्या कुळातलं हे ब्लेड. आज त्याची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते, आणि सगळी गोष्ट या जाडीत आहे. सेफ्टी रेझरमध्ये हे ब्लेड दोन पट्ट्यांमध्ये दाबून कमानीसारखं वाकवलं जातं. वाकवल्याने पातळ पत्र्याला ताठपणा येतो आणि धारेचा जेमतेम काठ बाहेर राहतो. वस्तऱ्यात तेच ब्लेड सपाट बसतं. कमान नाही, धारेच्या अगदी जवळपर्यंत आधार नाही. राठ केसाशी गाठ पडली की धार किंचित दबते, सुटते, पुन्हा दबते. गालावर हे कळतही नाही. हनुवटीवर मात्र ब्लेड थरथरतं, आणि त्या थरथरीतून त्वचेवर बारीक लाल ठिपके उठतात.

दुसरी अडचण टोकांची. जुन्या वस्तऱ्याच्या पात्याची टोकं बहुधा दगडावर हलकेच गोलावलेली असतात. अर्ध्या ब्लेडची धार मात्र टोकाशी एकदम संपते, आणि तो कोपरा सुईसारखा लागतो. माझ्या सुरुवातीच्या जवळजवळ सगळ्या जखमा या कोपऱ्याने केल्या. एक कानाच्या पाळीखाली, दोन हनुवटीच्या वळणावर, आणि एक खालच्या ओठाच्या कडेला, जी भरून यायला आठवडा लागला. धार मध्यभागी कधीच लागली नाही. पाहणाऱ्याला वाटतं, वस्तरा गळा कापेल. प्रत्यक्षात तो कोपऱ्याने टोचतो, आणि तेही आपलं लक्ष ब्लेडच्या दुसऱ्या टोकाकडे असताना.

एवढं असूनही सर्वाधिक खपणारे वस्तरे याच ब्लेडचे आहेत, आणि त्याला कारणं आहेत. ब्लेड जगात कुठेही मिळतं आणि तिन्ही प्रकारांत सर्वांत स्वस्त पडतं. कंपन्या इतक्या आहेत की आपल्या दाढीला मानवणारी धार शोधून काढता येते. कुणाची धार पहिल्या दिवशी अतितीक्ष्ण, कुणाची मवाळ. शिवाय अनेक कंपन्या आधीच अर्धी केलेली ब्लेडंही विकतात, तेव्हा मोडायचं कामही वाचतं. मोडायचंच असेल तर ब्लेड कागदी वेष्टणातच ठेवून दोन बोटांनी वाकवावं. उघड्या हाताने मोडलेलं ब्लेड निसटलं की बोट कापतं.

या प्रकारातलं सर्वांत ओळखीचं नाव जर्मनीतल्या झोलिंगनच्या डोव्हो कंपनीचं. तिच्या वस्तऱ्याचं ‘शॅव्हेट’ हे नाव इतकं रुळलं की आता इंग्रजीत कुठल्याही ब्लेडच्या वस्तऱ्याला लोक तेच म्हणतात. त्यात ब्लेड प्लॅस्टिकच्या पट्टीत घालून ती पट्टी वस्तऱ्यात सरकवायची असते. वस्तरा अगदी हलका आहे. कुणाला हा हलकेपणा आवडतो, मला नाही. हलका वस्तरा केसात अडला की हात नकळत जोर लावतो, आणि ब्लेडच्या वस्तऱ्यात जोर लावणं हीच पहिली चूक. झोलिंगनच्याच बोकरचा बार्बरेट, इटलीतल्या फोकसचे ॲल्युमिनियमचे वस्तरे आणि पार्करचे स्टीलचे वस्तरे हेही याच ब्लेडवर चालतात. यातला पार्करचा एसआरएक्स जड आहे, आणि नवख्याला मी याच बाजूला झुकायला सांगेन. वजन स्वतःच काम करतं, हाताला फक्त दिशा द्यायची राहते.

पकडीचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एकात ब्लेड धरणारा जबडा उघडतो, ब्लेड आत ठेवून तो मिटायचा आणि वरून खटका लावायचा. दुसऱ्यात ब्लेड एका पट्टीत ठेवून ती पट्टी आत सरकवायची. उघडमीट करणाऱ्या जबड्यात ब्लेड सरळ बसलं आहे की नाही ते डोळ्यांनी दिसतं, म्हणून मला तो पसंत आहे. सरकत्या पट्टीत ब्लेड आत जाता जाता तिरकं होऊ शकतं. एका टोकाला अर्धा मिलिमीटर जास्त धार बाहेर आली तरी दाढीच्या वेळी तो कोपरा हमखास लागतो. कुठलाही वस्तरा असो, ब्लेड घातल्यावर तो उजेडात धरून धारेची रेघ जबड्याच्या कडेला समांतर आहे का हे रोज पाहावं. याला पाच सेकंद लागतात.

जाड जपानी ब्लेड

जपानमधलं सेकी हे तलवारींसाठी आणि पात्यांसाठी जुनं नावाजलेलं गाव. काई कंपनी तिथे १९०८ साली सुरू झाली, फेदर १९३२ साली. या दोन्ही कंपन्यांनी व्यावसायिक कारागिरांसाठी वेगळ्या घाटाचं एकधारी ब्लेड केलं. फेदरची मालिका आर्टिस्ट क्लब, काईची कॅप्टन. हे ब्लेड साधारण ०.२५ मिलिमीटर जाड असतं, म्हणजे अर्ध्या ब्लेडच्या अडीचपट. लांबीलाही ते जवळपास एक सेंटिमीटरने जास्त. मुख्य म्हणजे ते वाकवून वापरायचं ब्लेड कापून केलेलं नाही. सपाट बसवून वापरण्यासाठीच ते घडवलेलं आहे.

हा फरक पहिल्याच दिवशी हाताला कळतो. हनुवटीच्या राठ केसांवर ब्लेड थरथरत नाही. केस कापला जाताना एक सलग आवाज येतो, आणि मला तो आवाज फार उपयोगी वाटतो. कोन बिघडला की तो बदलतो. अर्ध्या ब्लेडमध्ये थरथरीच्या आवाजात हा इशारा बुडून जातो.

धरण्याची रचनाही निराळी. फेदरच्या एसएस वस्तऱ्याचं डोकं ब्लेडभोवती गोलाकार वळवलेलं आहे. त्वचेला आधी ही गोल कड टेकते, मग धार. ही कड आपल्याला कोनही शिकवते, कारण वस्तरा फार उभा धरला की ती त्वचेवरून उठल्याचं जाणवतं. डीएक्स हा त्याचा जड भाऊ, अधिक देखणा आणि अधिक महाग. दाढीच्या दर्जात मला तरी दोघांत मोठा फरक वाटला नाही, त्यामुळे शिकण्यासाठी डीएक्सवर जास्तीचे पैसे घालू नयेत असं माझं मत आहे. मिटणारी मूठ आणि कामिसोरी या पारंपरिक जपानी वस्तऱ्यासारखी सरळ, न मिटणारी मूठ असे दोन्ही घाट मिळतात. सरळ मूठ पेन धरल्यासारखी हातात बसते. पण आधी मिटणारा वस्तरा वापरला असेल तर हाताच्या सवयी नव्याने बसवाव्या लागतात.

खरी श्रीमंती ब्लेडच्या प्रकारांत आहे. वस्तरा तोच ठेवून फक्त ब्लेड बदललं की दाढीचा स्वभाव बदलतो. फेदरचं ‘प्रोफेशनल’ हे मधलं. ‘प्रोफेशनल सुपर’ची धार जास्त बाहेर येते, ते दाट आणि राठ दाढीसाठी. ‘लाइट’ सौम्य. आणि ‘प्रोगार्ड’मध्ये धारेवर बारीक तारांसारखं संरक्षण असतं, त्यामुळे ब्लेड चुकून आडवं सरकलं तरी लांब चीर पडत नाही. नवख्याला मी महिनाभर प्रोगार्डच वापरायला सांगतो. त्याने दाढी तितकी गुळगुळीत होत नाही, कल्ल्याची रेघ ताशीव निघत नाही, आणि दोन-तीन दिवसांची वाढ असली की तारांमध्ये फेस अडकतो. पण हाताला कोन आणि हलकेपणा शिकायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ चेहरा शाबूत राहतो. पुढे लाइट, मग प्रोफेशनल. सुपरपर्यंत जायची गरज बहुतेकांना पडत नाही.

काई आणि फेदर यांची ब्लेडं एकमेकांच्या वस्तऱ्यांत बसतात. काईचं ब्लेड रुंदीला किंचित जास्त असल्याने फेदरच्या वस्तऱ्यात त्याची धार थोडी पुढे येते. आक्रमकतेतला हा फरक लहान आहे, तरी पहिल्यांदा ब्लेड बदलताना हात जपून चालवावा.

खर्चाचं गणित लोक बहुतेक वेळा अर्धंच मांडतात. जाड ब्लेड एकेकटं पाहिलं तर अर्ध्या ब्लेडच्या कित्येक पट महाग, हे खरं. पण ते टिकतंही जास्त. माझ्या दाट दाढीला अर्धं ब्लेड दोनदा नीट चालतं, तिसऱ्यांदा ओढायला लागतं. जाड ब्लेड मी आठ-नऊ वेळा वापरतो. तरीही जाड ब्लेडची दाढी महागच पडते, फक्त पाकिटावरच्या किमतीवरून वाटते तेवढी नाही. शिवाय जपानी वस्तऱ्याची स्वतःची किंमत आहे. नकली मालही बाजारात बराच आहे. दिसायला तंतोतंत, पण जबड्याची खाच नीट कापलेली नसल्याने ब्लेड ढिलं बसतं. नव्या वस्तऱ्यात ब्लेड बोटाने हलकं दाबून पाहा (धारेच्या बाजूने नव्हे, टोकाच्या बाजूने). हललं तर तो वस्तरा परत करा.

लांब ब्लेड

हा प्रकार थोडक्यात. केस विरळ करायच्या वस्तऱ्यातलं हे ब्लेड साधारण ६ सेंटिमीटर लांब असतं, आणि अमेरिकेतल्या वेक कंपनीचा वस्तरा या प्रकारात नावाजलेला आहे. त्याला दातेरी संरक्षक पट्टी लावता येते. डोक्याचं मुंडण करणाऱ्याला हे ब्लेड उत्तम, कारण मोठ्या सपाट भागावरून ते झपाझप जातं. चेहऱ्यावर मात्र ही लांबी अडचणीची. नाकाखाली, ओठाच्या कडेला आणि हनुवटीच्या खळग्यात ब्लेडचं दुसरं टोक कुठे आहे याचा सतत हिशेब ठेवावा लागतो. फक्त दाढीसाठी घ्यायचा असेल तर मी या वाटेला जाणार नाही.

जुन्या वस्तऱ्याची पूर्वतयारी म्हणून?

बरेच जण म्हणतात, आधी ब्लेडचा वस्तरा शिकतो, मग खऱ्या वस्तऱ्याकडे वळतो. हे अर्धवट खरं आहे. त्वचा ताणून धरणं, डाव्या हातानेही वस्तरा चालवणं, कोन सांभाळणं हे सगळं पुढे उपयोगी पडतं. पण ब्लेडची धार दगडावर घासलेल्या धारेपेक्षा निष्ठुर असते. दगड आणि चामड्यावरून आलेली धार त्वचेला सौम्य वाटते, पात्याचं वजनही जास्त, आणि चूक झाली तरी बहुधा खरचटण्यावर भागतं. ब्लेडच्या वस्तऱ्यात तीच चूक रक्त काढते. त्यामुळे शेवटी जुना वस्तराच हवा आहे हे मनाशी पक्कं असेल, तर धार लावून तयार असलेला चांगला वस्तरा आणि पट्टा घेऊन तिथूनच सुरुवात करणं मला जास्त बरोबर वाटतं. ब्लेडचा वस्तरा सोपा आहे तो देखभालीत. हाताळायला तो अवघडच आहे.

मग कुणी काय घ्यावं

ज्याने कधीच वस्तरा धरलेला नाही आणि ज्याला रोजच्या दाढीसाठी तो कायमचा वापरायचा आहे, त्याने जाड ब्लेडचा वस्तरा घ्यावा आणि त्यासोबत संरक्षण असलेली ब्लेडं घ्यावीत. हा सल्ला लोकांना उलटा वाटतो. शिकताना स्वस्तातला घ्यावा, हात बसला की चांगला घ्यावा, हे बाकी अनेक गोष्टींत चालतं. इथे स्वस्तातला वस्तरा हा शिकायला सर्वांत कठीण आहे. पातळ ब्लेड, उघडे कोपरे आणि हलकं वजन हे तिन्ही दोष त्याच्यात एकत्र येतात. हौसेने आणलेला असा वस्तरा चार दाढ्यांनंतर कपाटात पडून राहिलेला मी ओळखीतल्या कितीतरी घरांत पाहिला आहे. त्यातल्या दोघांनी पुढे जाड ब्लेडवर पुन्हा सुरुवात केली आणि ते आजही वस्तराच वापरतात.

सेफ्टी रेझरने दाढी करायची सवय आहे, घरात ब्लेडं पडून आहेत आणि वस्तरा फक्त कल्ले, मिशीची कड, दाढीची रेघ कोरायला हवा आहे, त्याने अर्ध्या ब्लेडचा घ्यावा. इथे टोकदार कोपरा गुण ठरतो, कारण रेघ कोपऱ्यानेच कोरली जाते. उघडमीट जबड्याचा, स्टीलचा, जरा जड असा पाहावा. टोकं झाकणारा वस्तरा या कामासाठी घेऊ नये. पूर्ण दाढी करायची असेल तर मात्र टोकं झाकलेलाच बरा.

दाढीचे केस कुरळे असून ते पुन्हा त्वचेत वळतात आणि पुटकुळ्या येतात, अशांना एकच धार असलेलं कुठलंही ब्लेड बरं. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये केस त्वचेच्या पातळीखाली कापला जातो आणि मग तो आतच वाढतो. पण वस्तरा घेऊनही उलटी दाढी केली तर हा फायदा जातो. अशांनी फक्त सुलटी दाढी करावी आणि थोडे खुंट राहू द्यावेत.

हात थरथरतो, रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत, किंवा जखम भरायला वेळ लागतो, अशांनी यातला कुठलाच वस्तरा घेऊ नये. सेफ्टी रेझर त्यांच्यासाठी पुरेसा चांगला आहे. सतत विमानाने फिरणाऱ्यानेही विचार करावा. सुटं ब्लेड हातातल्या बॅगेतून नेता येत नाही, आणि सामान चेक-इन करायचं नसेल तर वस्तरा घरीच राहतो.

पहिले पंधरा दिवस

वस्तरा कुठलाही घेतला तरी सुरुवात गालांपासून करा आणि बाकीचा चेहरा नेहमीच्या रेझरने उरका. गाल सपाट असतो, त्वचा ताणायला सोपी जाते. आठवडाभराने मान, त्यानंतर वरचा ओठ, आणि सगळ्यांत शेवटी हनुवटी. पाणी मारून निदान दोन-तीन मिनिटं केस भिजू द्यावेत. भिजलेला केस कापायला कोरड्या केसापेक्षा बराच कमी जोर लागतो, आणि ब्लेडच्या वस्तऱ्यात जितका जोर कमी तितकं बरं. वस्तरा आधी गालावर सपाट टेकवा, मग पाठीकडची बाजू थोडी उचला. २० ते ३० अंशांच्या दरम्यान कुठेतरी केस सहज कापला जायला लागतो, तिथेच थांबा. हाताची ओढ दोन-तीन सेंटिमीटरची ठेवा. आणि ब्लेड त्वचेवर टेकलेलं असताना ते धारेच्या लांबीच्या दिशेने कधीही सरकवू नका. लांब, खोल चिरा पडतात त्या त्या एकाच हालचालीने.

उलटा हात मारायची घाई करू नका. पहिला महिनाभर सुलट्या दोन फेऱ्या पुरतात. दुसऱ्या फेरीच्या आधी फेस पुन्हा लावा, पाण्यावर भागवू नका.

दाढी झाली की ब्लेड काढून पुसा, जबड्याच्या खाचेतला साबण धुऊन काढा आणि वस्तरा उघडा ठेवून वाळवा. स्टेनलेस असलं तरी ओलं राहिलेलं ब्लेड धारेवर गंजतं आणि पुढची दाढी ओढते. मिटणाऱ्या वस्तऱ्यात पाणी साचतं ते खिळ्यापाशी, तिथे आठवड्यातून एकदा खनिज तेलाचा एक थेंब पुरतो. वापरलेली ब्लेडं कचऱ्यात सुटी टाकू नका. पत्र्याच्या छोट्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून त्यात टाकत जा, आणि डबा भरला की झाकण पक्कं चिकटवून मगच बाहेर काढा. कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हातात मोजा असेलच असं नाही.